सूज मारली की लकवा जातो, हे खोटे आहे

लकव्याचे औषध देणारा माणूस पूर्वी एवढेच सांगायचा की गुण येतो. दावा त्याच्या अनुभवाचा असायचा आणि तो मानायचा की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. आता इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरपासून बारामतीपर्यंत जे सांगितले जाते, त्याला शास्त्राचा आधार जोडलेला असतो. मोबाइलवर येणारे व्हिडिओ असोत, बाजाराच्या दिवशी वाटली जाणारी पत्रके असोत किंवा एमआयडीसीच्या फाट्यावर चहा पिताना कोणी सांगितलेली गोष्ट असो, युक्तिवाद एकच आहे. मेंदूतल्या पेशी सुजेने मरतात, हे आता परदेशी शास्त्रज्ञांनीच सिद्ध केले आहे. लकवा, कंपवात, विसराळूपणा, फिट्स ही त्याच एका सुजेची वेगवेगळी रूपे आहेत. आमचा अर्क, गोळी किंवा तेल ती सूज मुळापासून काढते. दवाखान्यात नुसते रक्त पातळ करतात, सूज तशीच राहते, म्हणून तिथे जाऊन वेळ आणि पैसा घालवू नका.

या युक्तिवादाला उत्तर देणे मला गरजेचे वाटते, कारण त्याचे पहिले वाक्य बरेचसे खरे आहे. ते साफ खोटे असते तर माझे काम सोपे होते. खऱ्या वाक्याच्या पाठीवर बसून खोटे घरात शिरते, तेव्हा शिकलेली मुलेही आजोबांना तो अर्क पाजतात. बारावी सायन्स झालेल्या पोरांनीच हे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलेले मी पाहिले आहेत. म्हणून आधी जे खरे आहे ते नीट मांडतो.

पेशी मरण्याचे अनेक मार्ग आहेत. एक शांत मार्ग आहे: पेशी आतल्या आत स्वतःचे तुकडे करते, ते पिशव्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. त्याचा शेजाऱ्यांना त्रास होत नाही. याला अ‍ॅपोप्टोसिस म्हणतात आणि आपल्या अंगात तो रोज घडतो. दुसरा मार्ग फुटून मरण्याचा. १९९२ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रक्ती आव करणाऱ्या शिगेला जिवाणूवर काम चालू होते. हा जिवाणू शिरलेल्या भक्षक पेशी मरतात हे तिथे दिसले, पण त्या काळी तोही शांत मृत्यूच समजला गेला. पुढे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रॅड कुकसन आणि मॉली ब्रेनन यांनी दाखवले की हा मृत्यू वेगळा आहे. पेशी फुगते, फुटते आणि मरताना आजूबाजूला धोक्याची रसायने सोडते. २००१ मध्ये त्यांनी त्याला पायरोप्टोसिस हे नाव दिले. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात युर्ग त्शॉप यांच्या गटाने पेशीच्या आत जुळून येणारे ते प्रथिनांचे यंत्र वर्णन केले, ज्याला इन्फ्लमासोम म्हणतात. त्यातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या यंत्राचे नाव एनएलआरपी३.

तरीही पेशी नेमकी फुटते कशी, हे कोडे उरले होते. ते २०१५ मध्ये सुटले. बीजिंगचे फेंग शाओ आणि अमेरिकेतल्या जेनेनटेक कंपनीतले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ विश्व दीक्षित, या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच प्रथिन शोधले: गॅसडर्मिन-डी. इन्फ्लमासोम जुळले की कॅस्पेज-१ नावाची कात्री चालू होते. ती गॅसडर्मिनचे दोन तुकडे करते. त्यातला एक तुकडा पेशीच्या पडद्यात जाऊन गोल भोके पाडतो. त्या भोकांतून इंटरल्यूकिन-१ बीटा हे धोक्याचे रसायन बाहेर पडते, पाणी आत शिरते, पेशी फुगते. २०२१ मध्ये दीक्षितांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. पडदा शेवटी फाटतो तोही आपोआप फाटत नाही, निंज-१ नावाचे दुसरे प्रथिन तो फाडते. म्हणजे हा मृत्यू शरीराने टप्प्याटप्प्याने ठरवून दिलेला आहे.

हा मार्ग मेंदूतही दिसतो. बॉनच्या मायकेल हेनेका यांच्या गटाने २०१३ मध्ये अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या उंदरांत एनएलआरपी३ काढून टाकले, तेव्हा त्यांची स्मृती बरीच वाचली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात क्रिस पॉवर यांच्या गटाने २०१८ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसने दगावलेल्या माणसांच्या मेंदूत गॅसडर्मिनच्या खुणा पाहिल्या. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की ज्या भागाचा पुरवठा तुटतो त्याच्या कडेला पुढचे काही दिवस हेच घडत राहते, असे प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांत दिसले आहे. हे सगळे खरे आहे, महत्त्वाचे आहे, आणि यावर काम करणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे.

पण हा मृत्यू शरीराने मुळात ठेवला कशासाठी? शिगेला शिरलेली पेशी जिवंत राहिली तर जिवाणू तिच्या आत सुखाने वाढतात. ती फुटली तर त्यांचा आसरा जातो आणि संरक्षक पेशींना हाक जाते. आपल्याकडे तारांच्या ठिणगीने उसाचा फड पेटला की माणसे कोयते घेऊन धावतात आणि पुढच्या चार सऱ्या स्वतःच्या हाताने तोडून टाकतात, तसे हे आहे. तोडलेल्या सऱ्या हे नुकसानच, पण त्या तोडणाऱ्यांना फडातून हाकलून दिले तर आग बांध ओलांडते. कधी माणसे घाबरून गरजेपेक्षा जास्त तोडतात हेही खरे. किती तोडणे गरजेचे होते आणि कुठून ते नुकसान झाले, हे वारा आणि वेळ पाहूनच कळते. सूज मुळापासून काढतो म्हणणाऱ्याला हा प्रश्नच पडलेला नसतो. त्याच्या लेखी सूज म्हणजे घाण, आणि घाण धुऊन काढायची.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण सगळे आजार एकाच सुजेची रूपे आहेत हे म्हणणे आपल्याच मातीतल्या उदाहरणावर कोसळते. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, एक नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला मिळाले. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात त्याने मुलांचे जीव घेतले. ताप आला, फिट्स आल्या आणि एक-दोन दिवसांत मूल गेले, असे कित्येक घरांत घडले. या विषाणूने मेंदूच्या पेशी कशा मरतात, याचा अभ्यास मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बान बसू यांच्या गटाने केला. २०१३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की मज्जापेशी तिथे फास नावाच्या ग्राहकातून सुरू होणाऱ्या अ‍ॅपोप्टोसिसच्या वाटेने मरतात. बाजूला दाह, म्हणजे सूज, होतोच, पण मज्जापेशीचे मरण त्या शांत वाटेचे आहे. एकाच अवयवात, एकाच प्रकारच्या पेशीला मरणाच्या इतक्या वाटा असतील, तर एक अर्क त्या सगळ्या बंद करतो हे म्हणायला काहीतरी पुरावा हवा. तो कोणी दाखवलेला नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: पुरावा आहे, पण मोठ्या कंपन्या तो दडपतात. हे उत्तर सर्वांत घातक आहे, कारण त्याने समोरचा माणूस पुढचे काही ऐकतच नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. सूज दाबून मेंदू वाचवायचा प्रयत्न औषध कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी गेली तीस वर्षे मन लावून केला आहे. त्यात अफाट पैसा घातला, अपयश आले आणि ते अपयश त्यांनी स्वतः छापले.

डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो. म्हणून अपघातग्रस्तांना भरपूर स्टेरॉइड द्यायचे, ही पद्धत कित्येक दशके जगभर होती. स्टेरॉइडइतकी सूज कमी करणारी औषधे फार थोडी आहेत. डॉक्टरांना त्यात काही गैर वाटत नव्हते. तर्क सरळ होता. शेवटी क्रॅश नावाची मोठी चाचणी झाली. दहा हजार आठ रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी, एकाला स्टेरॉइड, दुसऱ्याला दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रव्य. २००४ मध्ये निकाल आला. दोन आठवड्यांत औषध न मिळालेल्या गटात १७.९ टक्के दगावले, स्टेरॉइड मिळालेल्या गटात २१.१ टक्के. शंभरामागे तीन माणसे जास्त. चाचणी मध्येच थांबवावी लागली. आपला महामार्ग क्रमांक ६५ डोळ्यांपुढे आणा. या रस्त्यावर अपघात नवे नाहीत. मेंदू सुजलाय, सूज उतरवणारे इंजेक्शन द्या, असा आग्रह धरणारे नातेवाईक प्रेमापोटीच बोलत असतात. तो आग्रह मानण्याने माणसे गेली, हे त्या दहा हजारांच्या चाचणीने सांगितले.

लकव्यावरचीही अशी एक चाचणी आहे. झटक्यानंतर पांढऱ्या पेशी मेंदूत शिरू नयेत म्हणून एन्लिमोमॅब नावाचे प्रतिपिंड बनवले होते. प्राण्यांत चांगले निकाल आले. ६२५ रुग्णांवरचा निकाल २००१ मध्ये छापून आला: औषध मिळालेल्यांत मृत्यू २२.२ टक्के, न मिळालेल्यांत १६.२ टक्के. ताप आणि संसर्ग वाढले. दाह अडवायला गेलो आणि रुग्णाचे रक्षण करणारे हातच बांधले गेले.

मज्जापेशी हळूहळू मरून स्नायू लुळे पडतात, त्या एएलएस आजारात मायनोसायक्लिन या जुन्या, स्वस्त प्रतिजैविकावर फार आशा होती. उंदरांत ते दाहही कमी करत होते आणि पेशींचा मृत्यूही. माणसांवरची चाचणी २००७ मध्ये छापली गेली. ४१२ रुग्ण होते, आणि औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त वेगाने खालावली. अल्झायमर टाळण्यासाठी नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामक, दाहशामक गोळ्या सत्तरी ओलांडलेल्या अडीच हजारांहून अधिक लोकांना देऊन पाहिल्या. २००४ मध्ये गोळ्या बंद कराव्या लागल्या, संरक्षण काही मिळाले नाही. फुटून मरण्याची आणखी एक वाट आहे, नेक्रोप्टोसिस. तिच्यावर नेमका वार करणारे आरआयपीके-१ रोधक औषध सानोफी आणि डेनाली या कंपन्यांनी एएलएसच्या रुग्णांत तपासले. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनीच जाहीर केले की मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही.

एक एक प्रथिन ओळखून, त्याला अचूक बसणारा रेणू घडवून, तो मेंदूत पोचतो याची खात्री करून, शेकडो रुग्णांवर तपासून जे अजून जमलेले नाही, ते बाटलीतला काढा करतो असे सांगणाऱ्याने ते कोणत्या रुग्णांवर, कोणाशी तुलना करून, किती दिवस पाहिले हे सांगायला हवे. पायरोप्टोसिसचे नाव उच्चारणे म्हणजे पुरावा देणे नव्हे. ज्यांनी पायरोप्टोसिस शोधला त्यांच्यापैकी कोणीही असे औषध सापडल्याचे म्हटलेले नाही.

मग हळदीचा मुद्दा येतो. तो भावनेचा आहे, म्हणून जपून बोलतो. हळद आपली आहे. जखमेवर हळद लावायचे ज्ञान अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने १९९५ मध्ये पेटंटात बांधले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने लढा देऊन १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करायला लावले. त्या विजयाचा मला अभिमान आहे. पण तो लढा कशाने जिंकला गेला? जुने छापील लेख, ग्रंथांतले दाखले, कागदोपत्री पुरावा यांनी. ज्या लढ्याने पुराव्याच्या जोरावर हळद परत आणली, त्याच्या नावाने आज पुराव्याशिवाय मेंदूची गोळी विकली जाते, हे मला सहन होत नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनवर भरपूर काम झाले आहे. ताटलीतल्या पेशींत ते एनएलआरपी३ दाबते, हे खरे. पण गिळल्यावर ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही आणि जे शिरते ते यकृत लगेच बदलून टाकते. कर्क्युमिनवरच्या १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा आढावा २०१७ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी घेतला. दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेली एकही चाचणी यशस्वी ठरली नव्हती. अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे रोज दोन ते चार ग्रॅम देऊन पाहिले, फरक पडला नाही. मग विकणारे त्यात मिरीचा अर्क घालतात, म्हणजे जास्त शोषले जाईल. शोषले जाते, आणि काहींच्या यकृताला इजा होते. औषधांमुळे होणाऱ्या यकृत-इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या गटाने असे रुग्ण नोंदवले आहेत, त्यांतला एक दगावला. भाजीतल्या चमचाभर हळदीबद्दल हे नाही. ती खा, आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. हे बोलणे अर्धांगवायूच्या रुग्णाला दिवसाला चार कॅप्सूल चारण्याबद्दल आहे.

आणि काही देशी पुड्यांनी खरोखर बरे वाटते, त्याचे कारण वेगळेच असू शकते. सांधेदुखीच्या, दम्याच्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आली आहेत. चार दिवस भूक लागते, अंगात तरतरी येते, दुखणे पळते. साखर आणि रक्तदाब मात्र वाढत जातो, आणि वाढलेला रक्तदाब हेच तर झटक्याचे पहिले कारण. सूज उतरवायला घेतलेली पुडी दुसरा झटका आणू शकते.

माझ्यावर असा आरोप होईल की मी दाहाला महत्त्वच देत नाही. देतो. क्षयाचा मेंदूज्वर घ्या, आपल्याकडे तो अजून आहे. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांना क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किंवा नुसते निष्क्रिय द्रव्य देऊन पाहिले. २००४ चा निकाल असा की मृत्यू ४१.३ टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी, त्याच प्रकारच्या औषधाने, डोक्याला मार लागलेले जास्त दगावले आणि क्षयाच्या मेंदूज्वरातले जास्त वाचले. सूज ही दोन्हीकडे होती. फरक होता तो कुठल्या कारणाने, कुठल्या जागी, कोणत्या वेळी, याचा. त्यातही स्टेरॉइड एकटे दिले नव्हते. क्षयाचे जंतू मारणारी औषधे सोबत होती. ती वगळून नुसती सूज दाबली असती तर जंतूंना मोकळे रान मिळाले असते.

पुण्याचे ताजे उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. आपल्या तालुक्यातली शिकायला, नोकरीला गेलेली किती मुले त्या भागात भाड्याने राहतात! त्या दिवसांत इथल्या घराघरांत काळजी होती. दूषित पाण्या-अन्नातून कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू पोटात जातो. त्याच्या आवरणातली साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेसारखी दिसते. जिवाणूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंवरच चाल करतात. पायांतून ताकद जाते, ती वर चढत जाते, श्वासाचे स्नायूही थांबू शकतात. हा उघड दाहाचा आजार. तर्काने पाहिले तर स्टेरॉइडने तो बरा व्हायला हवा. चाचण्यांत स्टेरॉइडचा उपयोग दिसला नाही. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडने सुधारणा उलट लांबण्याची शक्यता दिसली. उपयोग होतो तो इम्युनोग्लोब्युलिनचा किंवा प्लाझ्मा बदलण्याचा, आणि गरज पडली तर व्हेंटिलेटरवर दिवस काढण्याचा. त्या वेळी मोबाइलवर सूज उतरवणारे काढे फिरत होते. त्यांनी कोणाचा श्वास चालू ठेवला असता?

आता चौथ्या वाक्याकडे येतो, दवाखान्यात जाऊन वेळ घालवू नका, याकडे. माझा खरा राग इथे आहे.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज अमेरिकन तज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांत दिले तर अपंगत्व कमी होते, हे १९९५ च्या चाचणीने दाखवले. २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. निवडक रुग्णांत तारेने गुठळी काढायची शस्त्रक्रिया २४ तासांपर्यंतही करता येते, हे २०१८ मध्ये कळले. गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी परदेशाकडे बघायचीही गरज नाही. पुण्याची जेनोवा कंपनी टेनेक्टेप्लेज बनवते आणि ते आपल्याकडे झटक्यासाठी वापरतात. दाहामुळे पेशी फुटण्याचे जे लांबलचक प्रकरण वर सांगितले, ते सुरू होते रक्त थांबल्यामुळे. रक्त लवकर सुरू केले तर फुटायला पेशीच कमी उरतात. मेंदूतली सूज रोखण्याचा आज माणसाच्या हातात असलेला सर्वांत खात्रीचा उपाय तोच आहे, आणि तो दवाखान्यातच मिळतो. दवाखान्यात नुसते रक्त पातळ करतात, हे सांगणारा नेमका तोच उपाय हिणवत असतो.

लोणी देवकर पुणे आणि सोलापूर यांच्या साधारण मधोमध आहे, दोन्हीकडे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. इंदापूर पंधरा-वीस मिनिटांवर, बारामती तासाभरावर. साडेचार तास पुरतात, पण ते त्या क्षणापासून मोजायचे असतात जेव्हा माणूस शेवटचा ठणठणीत दिसला होता. आमच्या भावकीतल्या एका आप्पांचे तोंड सकाळी धार काढताना वाकडे झाले. डावा हात लुळा पडला. घरातल्यांनी गाडी काढली, वेळेत काढली, आणि ती वळली लकव्याचे औषध मिळते अशी ख्याती असलेल्या एका गावाकडे. तिथे नाकात थेंब टाकले, पथ्य सांगितले, सूज उतरली की हात उठेल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी बोलणे बंद झाल्यावर दवाखाना गाठला. स्कॅनमध्ये गुठळी होती. वेळ केव्हाच टळून गेली होती. आप्पा आज खाटेवर आहेत आणि त्यांची सून दिवसभर त्यांना कुशीवर वळवत असते. घरच्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापर्यंत जे पोचले होते त्यावर ते वागले. ते पोचवणाऱ्यांना मी दोष देतो.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण औषधवाल्यांचा बोलबाला तिच्यावरच उभा आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच रुग्णांत आपोआप काही सुधारणा होते. मेंदूच्या जागे असलेल्या भागांनी काम वाटून घेतलेले असते. त्या काळात काहीही दिले तरी गुण आल्यासारखे दिसते. म्हणूनच चाचणीत दुसरा गट लागतो, ज्याला औषध दिलेले नसते. अमक्याचा हात उठला हे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. औषध न घेतलेल्या तमक्याचाही उठला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्या तीन महिन्यांत खरा उपयोग होतो तो रोजच्या व्यायामाचा, फिजिओथेरपीचा, बोलण्याच्या सरावाचा. औषध काम करतेय या समजुतीने घरचे तो व्यायाम सोडून देतात, हे दुसरे नुकसान.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत अर्धांगवायू आहे, अपस्मार आहे आणि मेंदूचे आजारही आहेत. या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करणे गुन्हा आहे, मग ती भिंतीवर असो, पत्रकात असो वा पडद्यावर. महाराष्ट्रात अंमलबजावणीचे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. रस्त्याकडेच्या भिंतींवरून चालत गेले तरी हा कायदा किती पाळला जातो ते दिसते. तक्रार कोणी करत नाही, कारण तक्रार करणारा गावात शत्रू ठरतो आणि औषध देणारा बहुधा ओळखीचा, भला माणूस असतो. त्याच्या भलेपणाबद्दल माझा वाद नाही. त्याने गुडघ्याला तेल चोळावे, पोटाला ओवा द्यावा. तोंड वाकडे झालेल्या, हात लुळा पडलेल्या, जीभ जड झालेल्या माणसाला त्याने उंबऱ्यावरूनच १०८ च्या गाडीत बसवून द्यावे, एवढेच मागणे आहे.

सरकारकडेही मागणे आहे, आणि ते न मांडता फक्त गावकऱ्यांना शहाणपण शिकवणे अन्यायाचे होईल. माणूस रात्री दोन वाजता औषधवाल्याकडे जातो, कारण त्याचे दार उघडते. त्या वेळी स्कॅन चालू असलेला आणि गुठळीचे इंजेक्शन ठेवणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे इंदापूर तालुक्यातल्या किती घरांना ठाऊक आहे? ही माहिती आरोग्य विभागाने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली पाहिजे, फोन नंबरासह, आणि दर महिन्याला खरी आहे का ते तपासले पाहिजे. इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्यात असा दुवा हवा की इंदापुरात काढलेला स्कॅन बारामतीच्या डॉक्टरने तिथल्या तिथे पाहावा आणि इंजेक्शन इंदापुरातच सुरू व्हावे. आशाताईंकडे रक्तदाब मोजायचे यंत्र हवे आणि गोळ्या संपता कामा नयेत. रक्तदाबाची रोजची गोळी फार स्वस्त आहे. बरे वाटले म्हणून ती बंद करणारे पुरुष आणि ती घेतेय हे घरात कोणाला न सांगणाऱ्या बायका, या दोघांकडे पाहायला कुणाला तरी नेमले पाहिजे. मिश्री आणि तंबाखूबद्दलही बोलले पाहिजे, नुसते भिंतीवर लिहून भागणार नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटते की त्यांच्या काढ्याने मेंदूतल्या पेशींचे फुटणे थांबते, त्यांना एक मार्ग खुला आहे. आयुर्वेदाच्या औषधांच्या चाचण्या करायची सोय देशात आहे, नोंदणी करायची सोय आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रुग्णाला गुठळीचे इंजेक्शन वेळेवर मिळू द्या, त्यानंतर अर्ध्यांना तुमचा काढा आणि अर्ध्यांना तसाच दिसणारा साधा काढा द्या, कोणाला काय दिले ते देणाऱ्यालाही कळू देऊ नका, आणि तीन महिन्यांनी हात कोणाचा किती उठतो ते मोजा. निकाल तुमच्या बाजूने लागला तर तो मी याच पानावर, याच जोराने लिहीन. तोपर्यंत कोणाची गाडी तुमच्या दाराशी आली, तर तिला इंदापूरचा रस्ता दाखवा.